ॲम्प्लिफायर भारी, स्पीकरही भारी. मग तानपुरा कुठे गेला?

शोरूममध्ये ऐकताना सगळं छान वाटतं. भरदार डग्गा, खणखणीत तबला, चार हातांवर बसून गायक गातोय असा भास. तोच संच घरी आणला, हॉलमध्ये मांडला आणि भीमसेन जोशींचा एखादा विलंबित ख्याल लावला, की काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागतं. गाणं ऐकू येतं, पण मागचे तानपुरे गायब. डग्ग्याचा एखादा बोल अख्ख्या खोलीत घुमतो, तर पुढचा विरून जातो. आवाज वाढवला की तार सप्तकातला षड्ज कानाला टोचतो आणि कमी केला की सगळंच सपाट होतं. लाख-दीड लाख रुपये तर खर्च होऊन गेलेले असतात.

अशा वेळी लोक दोष शोधायला निघतात. कुणी म्हणतं ॲम्प्लिफायर कमी वॉटचा आहे, कुणी म्हणतं वायर बदला, कुणी आणखी महागडे स्पीकर सुचवतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वस्तू एकेकटी चांगलीच असते, फक्त त्यांची जोडी जमलेली नसते. स्पीकर खोलीला शोभत नाही, किंवा ॲम्प्लिफायर त्या स्पीकरला पेलत नाही. हे जमणं-न जमणं नशिबावर नसतं. त्यामागे साधं गणित आहे आणि ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

गाण्यात नेमकं काय असतं?

‘बारीकसारीक ऐकू यायला हवं’ असं म्हणताना हे बारीकसारीक कुठे असतं, ते आधी पाहायला हवं.

काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो. त्याच्या तानपुऱ्याची जोडी याच स्वरात लावलेली आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झ. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास आणि खर्ज १०४. आकडे पाहून वाटेल की तानपुरा नीट ऐकायचा तर ६९ हर्ट्झपर्यंत खाली जाणारे मोठमोठे स्पीकर हवेत. गंमत अशी की तसं नाही.

तानपुऱ्याचं तेज मूळ स्वरात कमी आणि त्याच्या वरच्या उपस्वरांत जास्त असतं. घोडीचा माथा किंचित वक्र घासलेला, त्यावर तार टेकते तिथे सुताचा बारीक दोरा सरकवलेला. त्यामुळे तार छेडल्यावर एकामागून एक उपस्वर उजळत जातात. यालाच जवारी म्हणतात. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात असताना, नोबेल मिळण्याच्या सुमारे दहा वर्षं आधी, १९२० च्या सुमारास भारतीय तंतुवाद्यांवर आणि तबला-मृदंगावर याच दृष्टीने काम केलं होतं. साध्या ढोलाच्या कातड्यातून सुरेल उपस्वर निघत नाहीत, शाई लावलेल्या तबल्यातून मात्र निघतात, हे त्यांनीच दाखवलं. मिरजेचे कारागीर ही जवारी कानाने जुळवतात आणि तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

म्हणजे तानपुऱ्याची ओळख काहीशे ते काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. गायकाचे शब्द, श्वास, मींडेतला दाब, सारंगीचा गज, किशोरी आमोणकरांच्या हातातलं स्वरमंडळ हे सगळं तिथेच. मूळ स्वर थोडा कमी पडला तरी उपस्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. छोट्या रेडिओवरही गायकाची पट्टी ओळखू येते ती त्यामुळेच. म्हणून ख्यालगायन ऐकणाऱ्याने आधी मधला पट्टा स्वच्छ असलेला स्पीकर शोधावा. दणदणीत बेस ही नंतरची चैन.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं दुखणं वेगळं. तिथे डबल बेसची सर्वांत खालची नेहमीची तार ४१ हर्ट्झची, पियानोचा तळाचा स्वर साडेसत्तावीस हर्ट्झचा. शिवाय एका बासरीच्या कुजबुजीपासून शंभर वादकांच्या एकत्रित गर्जनेपर्यंत आवाज काही सेकंदांत चढतो. सरासरीपेक्षा २० डेसिबल वर जाणारे क्षण त्यात सहज येतात. २० डेसिबल म्हणजे शंभरपट वीज! ख्यालासाठी उत्तम असलेला संच माहलरच्या सिम्फनीला धाप टाकतो, तो इथे.

खोक्यावरचे वॉट

नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ असं लिहून हजारात वॉट छापलेले असायचे. या पीएमपीओला कुठलंही ठरलेलं मानक नव्हतं. आकडा कंपनीच्या मर्जीचा. आजही होम थिएटर रिसीव्हरचा कागद नीट वाचला तर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात सापडतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, १० टक्के विकृती. दहा टक्के विकृतीत तानपुरा ऐकण्यात काय अर्थ? कामाचा आकडा म्हणजे ८ ओहमवर, दोन्ही चॅनेल चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, एक टक्क्याहून बऱ्याच कमी विकृतीत मिळणारे वॉट.

तरीही नुसत्या वॉटवरून आवाज कळत नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. पन्नास वॉटच्या जागी शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर आणला तर फरक जेमतेम जाणवतो. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट वॉट लागतात.

खरा निर्णय स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीवर होतो. स्पीकरला ठरावीक वीज दिली, तर एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो, हा तो आकडा. बहुतेक घरगुती स्पीकर ८३ ते ९० च्या दरम्यान असतात. पॉल क्लिप्श या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात आणलेला, कोपऱ्यात ठेवायचा भोंग्याचा स्पीकर १०० च्याही वर जातो. एक पळवाट मात्र लक्षात ठेवावी. हे मोजमाप २.८३ व्होल्टवर करतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्या व्होल्टला १ वॉट जातो आणि ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २ वॉट. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबल जास्त ‘कार्यक्षम’ दिसतो. जास्तीची वीज ॲम्प्लिफायरच्या खिशातून गेलेली असते.

एका छोट्या खोक्याची गोष्ट

हे गणित प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहायला बीबीसीच्या ‘एलएस ३/५ए’ या स्पीकरइतकं चांगलं उदाहरण नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यात बीबीसीच्या अभियंत्यांनी तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केला. गाडीत जागा कमी, म्हणून खोकं जेमतेम ३० सेंटिमीटर उंच आणि सगळीकडून बंद. निवेदकाचा आवाज खऱ्यासारखा वाटला पाहिजे, ही मुख्य अट. मानवी आवाजासाठी तासून घेतलेला हा स्पीकर पुढे घरोघरच्या संगीतप्रेमींचा लाडका झाला आणि पन्नास वर्षांनंतरही तो बनवला जातो.

याची सेन्सिटिव्हिटी साधारण ८३ डेसिबल, म्हणजे बरीच कमी. ऐकणारा ३ मीटरवर बसला तर अंतरामुळे साडेनऊ डेसिबल घटतात. दोन स्पीकर असल्याने ३ परत मिळतात, खोलीच्या भिंती आणखी ३ च्या आसपास देतात. हिशेब ८० वर येतो. म्हणजे एका वॉटला ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ८० डेसिबल. ख्याल ऐकायला सरासरी ७५ डेसिबल पुरेसे झाले, घरातल्यांनाही चालतात. त्याला लागतो वॉटचा तिसरा हिस्सा!

आता त्याच बैठकीत वाद्यवृंद लावला. सरासरी तीच ७५, पण शिखर ९५ वर. त्यासाठी ३० वॉट लागतात. एलएस ३/५ए मात्र मुळात २५ वॉटच्या आसपासच्या ताकदीसाठी आखलेला. म्हणजे दोनशे वॉटचा ॲम्प्लिफायर आणून इथे काहीच साधत नाही, कारण छोटा स्पीकरच दमतो. खुर्ची दीड मीटरवर ओढली तर तेवढ्याच आवाजाला सात-आठ वॉट पुरतात. हा स्पीकर छोट्या खोलीत, जवळ बसून ऐकण्यासाठी आहे. शेकडो चौरस फुटांच्या हॉलमध्ये तो ठेवणं म्हणजे खासगी बैठकीतल्या गायकाला माइकशिवाय मैदानात उभं करणं.

त्याच खुर्चीत, त्याच ३ मीटरवर ८८ डेसिबलचा स्पीकर ठेवला तर ३० च्या जागी १० वॉटमध्ये काम भागतं. तीनशे-बी नावाच्या जुन्या धाटणीच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आठेक वॉट देतो. त्याचे चाहते ९५-१०० डेसिबलचे स्पीकर का धुंडाळतात, ते यावरून लक्षात येईल. उलट, दुबळा ॲम्प्लिफायर ताणला की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात, त्यातून वरच्या पट्टीत नको ती ऊर्जा तयार होते आणि बिचारा ट्वीटर जळतो. ‘कमी वॉटचा आहे, स्पीकरला धोका नाही’ हा समज महागात पडतो.

ओहमचा पेच

स्पीकरच्या मागे ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं, पण हा आकडा स्थिर नसतो. प्रत्येक स्वराला तो बदलतो. तोच स्पीकर एका स्वराला ३० ओहम आणि दुसऱ्याला ४ ओहम दाखवू शकतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ ओहमवाल्याने ६.४ च्या खाली उतरायला नको. बऱ्याच कंपन्या हे मनावर घेत नाहीत. ओहम जितके कमी, तितका विजेचा प्रवाह जास्त, आणि स्वस्त ॲम्प्लिफायरची दमछाक तिथे होते.

१९७८ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या एनएडी ३०२० या साध्यासुध्या ॲम्प्लिफायरचं नाव आजही निघतं ते याचमुळे. कागदावर फक्त २० वॉट. पण अवघड स्पीकर जोडला आणि ओहम खाली आले तरी तो डगमगत नसे. क्षणभरासाठी छापील आकड्याच्या कितीतरी पुढे जाई. दुप्पट वॉट मिरवणारे महागडे भाऊबंद त्याच स्पीकरवर हात टेकायचे.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये आणखी एक खोच आहे. त्याचा स्वतःचा अंतर्गत अडथळा दोन-तीन ओहमपर्यंत असू शकतो. ट्रान्झिस्टरचा दशांश ओहमच्या घरात. समजा अडथळा २ ओहमचा आहे आणि स्पीकर ४ ते ३० ओहममध्ये झुलतो. मग ४ ओहमवाले स्वर ३० ओहमवाल्या स्वरांपेक्षा जवळपास ३ डेसिबलने दबतात. ट्रान्झिस्टरवर हाच फरक डेसिबलच्या पाचव्या हिस्स्याइतका, म्हणजे नसल्यासारखा. ‘व्हॉल्व्हचा आवाज उबदार’ म्हणतात त्यातला बराच भाग हा असा असतो. एखाद्या स्पीकरवर तो गोड लागतो, दुसऱ्यावर तानपुऱ्याचे उपस्वरच दाबून टाकतो. एलएस ३/५ए चा जुना नमुना १५ ओहमचा होता. एवढे जास्त ओहम असले की व्हॉल्व्हला ओझं कमी, म्हणून ती जोडी चांगली जमते.

सगळ्यात लहरी जोडीदार म्हणजे १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक. पीटर वॉकर यांच्या या स्पीकरमध्ये कागदाचा शंकू नाही. विजेच्या दाबावर थरथरणारा पातळ पडदा आहे. गळा आणि तंतुवाद्यं यांच्या बाबतीत त्याची बरोबरी आजही थोडेच करतात. पण वरच्या स्वरांना त्याचे ओहम खूप घसरतात आणि ताकदीचा ॲम्प्लिफायर बेफिकीरपणे वाजवला तर आत ठिणगी पडून पडदा खराब होतो. त्याच कंपनीचा १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर त्याला उत्तम चाले.

खोली: न विकत घेतलेला तिसरा घटक

आता त्या घुमणाऱ्या डग्ग्याकडे. दहा बाय बाराची खोली घेऊ. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बारा फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांत ५६ हर्ट्झचा स्वर भिंतीभिंतींत अडकून फुगतो. त्यांच्या दुप्पट, म्हणजे ९४ आणि ११२ लाही तेच. डग्ग्याचा घुमारा याच परिसरात हिंडतो. तळहाताच्या दाबाने वादक स्वर चढवतो, तेव्हा एक जागा फुगते आणि शेजारची बुडते. खोली दहा बाय दहा असेल तर लांबी-रुंदीचे दोन्ही फुगवटे एकावर एक बसतात आणि त्रास वाढतो.

त्यात स्पीकर टीव्हीच्या शोकेसच्या कोपऱ्यात सरकवलेले असतात. भिंतीला टेकवला की खालचे स्वर वाढतात, कोपऱ्यात आणखीच. मागच्या बाजूला भोक असलेल्या स्पीकरला तर श्वास घ्यायला निदान फूट-दीड फूट जागा हवी. जागा नसेलच तर त्या भोकात जुना मोजा कोंबण्याचा उपाय हसू आणणारा असला तरी लागू पडतो. बंद खोक्याचे स्पीकर भिंतीजवळ तुलनेने शहाण्यासारखे वागतात, म्हणून फ्लॅटमध्ये त्यांचा विचार आधी करावा.

तानपुरा गायब होण्याचं कारण मात्र बहुतेकदा फरशी आणि उघड्या भिंती. टाइल्सवरून उसळणारा आवाज मूळ आवाजामागोमाग काही हजारांश सेकंदांत कानावर येतो आणि मंद तपशील त्यात पुसले जातात. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी, खिडकीला घडीदार पडदा, मागच्या भिंतीला भरलेलं पुस्तकांचं कपाट. इतक्यानेही फरक ऐकू येतो. डग्ग्याची घूम मात्र सतरंजीने जात नाही. तिच्यासाठी स्पीकर आणि खुर्ची हलवत राहणं, खुर्ची मागच्या भिंतीला न चिकटवणं, हेच करावं लागतं. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. कपाटावर चढवलेल्या स्पीकरकडून जवारीची अपेक्षा धरू नये.

उरलेली साखळी

वायरीवर फार वेळ घालवायचं कारण नाही. घरातल्या पॉवर पॉइंटला लागते तसली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन तिचा अडथळा ओहमचा जेमतेम चौदावा हिस्सा. आठ ओहमपुढे तो किरकोळ आहे. स्पीकरइतक्याच किमतीची वायर विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

रेकॉर्ड प्लेअरच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. रेकॉर्डची नेहमीची मूव्हिंग मॅग्नेट पिन ५ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे त्याच्या चारशेव्या हिस्स्याइतकं. मूव्हिंग कॉइल त्याहूनही दहापट कमी. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात, ते परत सरळ करावे लागतात. म्हणून मध्ये फोनो प्रीॲम्प लागतो. तो न लावता थेट ‘ऑक्स’ला जोडलं की आवाज बारीक आणि चिरका येतो आणि लोक स्पीकरला शिव्या घालतात.

मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही ते कुठलाच संच आणू शकत नाही. भारतात १९०२ मध्ये गौहर जान यांच्या तबकड्यांचं मुद्रण झालं. १९२५ पर्यंत जगभर मुद्रण भोंग्यातूनच होई. त्या तबकड्यांवर खर्ज आणि टोकाचे वरचे स्वर मुळात उतरलेलेच नाहीत. अतिशय तिखट ट्वीटरवर त्यांची फक्त खरखर वाढते. जुनी मुद्रणं जास्त ऐकणाऱ्याने मऊ स्वभावाचा स्पीकर घ्यावा आणि ॲम्प्लिफायरला ट्रेबलचं बटण असेल तर ते वापरायला लाजू नये. मोबाइलवरच्या खूप दाबलेल्या फाइलींतही पहिला बळी तानपुऱ्याचा जातो.

पैसे देण्याआधी

एकूण रकमेतले निम्म्याहून अधिक पैसे स्पीकरवर जावेत, आणि निवडही त्याचीच आधी व्हावी. खोली मोजावी, खुर्चीचं अंतर ठरवावं, त्याला पुरेल असा स्पीकर निवडावा आणि मग त्याचे ओहम व सेन्सिटिव्हिटी पाहून ॲम्प्लिफायर. उलट क्रमाने गेलेले लोक साधारण वर्षभरात दुसरा स्पीकर शोधत असतात.

दुकानात ऐकायला स्वतःचं ओळखीचं मुद्रण न्यावं. दुकानदार लावतो त्या चकचकीत नमुन्यांवर सगळेच स्पीकर चांगले वाजतात. आवाज मुद्दाम कमी ठेवावा. तबला सुरू झाल्यावरही तानपुऱ्याचा धागा अखंड ऐकू येतो का? गायकाची सम येताना शब्दातलं शेवटचं व्यंजन कळतं का? डग्ग्यावरची घसीट एकाच आवाजात वर जाते, की मध्येच फुगते? व्हायोलिनचा समूह जोरात वाजताना वेगवेगळी वाद्यं राहतात, की एकच पत्रा होतो? मग आवाज वाढवून हेच पुन्हा. अर्धा तास ऐकून कान थकले, तर कागदावरचे आकडे कितीही सुंदर असोत, ती जोडी नाकारावी.

दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घेणं फार महत्त्वाचं. एखादा डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच ‘जास्त स्पष्ट’ वाटतो आणि हे दुकानदारांना उत्तम ठाऊक असतं. फोनवरचं साधं डेसिबल मोजणारं ॲपही या कामाला पुरतं.

जुन्या वस्तूंचा बाजार आकर्षक आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा कुणाच्या माळ्यावर सत्तर-ऐंशीच्या दशकातले कॉस्मिक, सोनोडाइनचे संच अजून सापडतात. घेताना स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कड बोटाने हळूच दाबून पाहावी, ती चुरा होत असेल तर बदलण्याचा खर्च धरावा. ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत सुकतात. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर तो बहुधा तिथून. दोन्ही दुरुस्त्या जाणत्या कारागिराकडून होतात, फक्त त्यांची किंमत आधी विचारून मग घासाघीस करावी.